दोघी पायाळू

“मीपण पायाळूच आहे,” ती मुलगी म्हणाली तेव्हा केतकी पोह्यांच्या बश्या गोळा करत होती. हातातली बशी पडली नाही, चेहरा बदलला नाही. वरच्या बशीत उरलेला एक शेंगदाणा मात्र घरंगळत कडेपर्यंत गेला आणि तिथं थांबला, आणि केतकी उगाचच त्याच्याकडे बघत राहिली. डिसेंबरातलं ऊन खिडकीतून सतरंजीवर आलं होतं. सतरंजीवर तिघं बसली होती, मध्ये एक हातानं काढलेला नकाशा पसरलेला, आणि पलीकडे दिवाणावर तिचे सासरे नानाजी कंबरेवर गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथे पडले होते. कुणालाच काही विशेष वाटलेलं दिसत नव्हतं. मग आपल्याला तरी काय वाटायचं कारण, असं केतकीनं स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन बश्या सिंकमध्ये ठेवल्या. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात बाहेरचं बोलणं ऐकू येईना, म्हणून बंद केला.

ती मुलगी म्हणजे निकिता. यवतमाळातच कॉलेजला होती, हॉस्टेलवर राहायची, गाव ढाणकीच्या बाजूचं. अभिषेकच्या वर्गातली म्हणून अभिषेक तिला घेऊन आला होता, आणि अभिषेक केतकीच्या मुलाचा, क्षितिजचा, शाळेपासूनचा मित्र. क्षितिज पुण्याहून परीक्षा संपवून घरी आला तो एक खेळ घेऊन. आणला म्हणजे अर्धाअधिक त्यानंच रचला होता. फासे बऱ्याच पैलूंचे, पोरीबाळींच्या कानातल्यांसारखे चकचकीत. प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं, त्या माणसाचा जन्म फाशांनी ठरवायचा आणि मग क्षितिज सांगेल त्या गोष्टीत त्या माणसासारखं वागायचं. आदल्या दिवशी जेवताना त्यानं आईला नियम समजावून दिले होते. त्या राज्यात काही जणांना जन्मतःच तेज असतं. ते शिकून येत नाही, कमवता येत नाही, असलं तर असतं. तेज असलेल्यांना वरच्या गडावर घर मिळतं, त्यांना कर नाही, दरबारात खुर्ची, आणि ते आले की राजासुद्धा उठून उभा राहतो. “आणि ज्यांना नसतं ते?” केतकीनं विचारलं होतं. “ते खाली गावात. शेती वगैरे करतात. खेळात त्यांचं फारसं काम पडत नाही,” क्षितिज म्हणाला होता. आर्णीकडच्या कापूसवाल्याचा हा नातू भाकरीचा तुकडा मोडत हे बोलला, याचं केतकीला तेव्हा हसू आलं होतं. मुलांना कळत नाही म्हणून आपण हसतो, आणि ती मोठी झाली की त्यांना कळलं नाही म्हणून रडतो, असलं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं आणि तिनं त्याला आणखी वरण वाढलं.

आज सकाळी निकितानं फासा टाकला आणि तिच्या वाट्याला तेज आलं. अभिषेकनं टाळ्या वाजवल्या. क्षितिज म्हणाला, चला, हिची सामानसुमानासह गडावर रवानगी. निकिता म्हणाली, “मी नाही जात. माझी बाई हे कोणाला सांगणारच नाही.” क्षितिजला हे अजिबात पटलं नाही. खेळ त्यानं रचलेला, त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट एखादीनं नको म्हणावी म्हणजे काय! तो समजावत राहिला आणि निकिता मान हलवत राहिली. “तिचा जन्म खाली गावात झालाय ना? मग तिला खुर्ची नाही देणार कोणी. उचलून घेऊन जातील.” “असं कुठं असतं?” क्षितिज म्हणाला. “तेज म्हणजे तेज. माझी आईच घे, ती पायाळू आहे, खरीखुरी. आमच्या या आबाजींचं अख्खं गाव तिला मान देतं.” तेव्हा फाशावरची नजर न उचलता निकिता ते पायाळूचं वाक्य बोलली. फार साधेपणानं बोलली. आमच्याकडेही हाच गॅस आहे, असं सांगावं तसं.

केतकीला काय वाटलं हे तिला सिंकपाशी उभं राहून हळूहळू कळत गेलं. आपल्याजवळच आहे असं समजून जपलेली साडी भर लग्नात दुसरीच्या अंगावर दिसावी, तसं वाटलं होतं. आणि ते बरोबर नव्हतं, कारण ती साडी आपली नाहीच, असं ती गेली कित्येक वर्षं म्हणत आली होती. ती बँकेत होती. कर्जाच्या खिडकीवर नव्हे, लॉकरच्या टेबलावर, जिथं माणसं खालच्या आवाजात बोलतात आणि कुणी कुणावर फारसा विश्वास ठेवत नाही. जन्मताना पाय आधी आले म्हणून माणसाच्या पायात काही गुण येतो, त्याचा पाय लागला की उसण भरलेली कंबर सुटते, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं, हे सगळं ती हसत सांगायची, चारचौघांत सांगायची, आणि सांगून झाल्यावर “बघा बाई, लोक काय काय मानतात,” असं म्हणायची. पण सांगायची मात्र नक्की. नवीन मॅनेजर आले की पहिल्या आठवड्यात सांगायची. हे तिच्या आता लक्षात आलं.

तिची आई रत्नप्रभाबाईसुद्धा असंच सांगायची. सरकारी दवाखान्यातली ती दुपार, घाबरलेली नर्स, मोठ्या डॉक्टरीणबाईंना घरून आणायला गेलेली रिक्षा, आणि मग “हिचे पाय आले आधी. गोरेगोमटे, जसे काही चालायलाच निघाले.” आई हे सांगताना स्वतःच्या वेदनांबद्दल एक शब्द बोलत नसे. मेली असती ती. पण गोष्टीत ती नव्हतीच, गोष्टीत पाय होते. वडील कोर्टात नाझर, घर स्वतःचं, गल्लीत चार लोक विचारणारे. लहानपणी केतकीला पावसात बाहेर सोडत नसत, पायाळू माणसावर वीज पडते म्हणून. आभाळ गडगडलं की शाळेतला शिपाई छत्री घेऊन तिला घरी आणून सोडायचा आणि बाकीच्या मुली भिजत जायच्या. तिला तो शिपाई, त्याच्या खाकी सदऱ्याचा ओला वास आणि मैत्रिणींचं मागे वळून बघणं, हे सगळं अजून आठवत होतं. उसण भरलेली माणसं यायची. वडिलांचे वरिष्ठ, आईच्या भिशीतल्या बाया, एकदा तर संस्कृतचे म्हातारे मास्तर. ते सतरंजीवर पालथे पडायचे आणि ती फ्रॉक सावरून त्यांच्या पाठीला तीनदा पाय लावायची. एरवी चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, आणि इथं पाय लावून झाल्यावर समोरचाच नमस्कार करायचा. मास्तरांनी तिच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. तिला लाज वाटली नव्हती. योग्यच आहे असं वाटलं होतं.

आणि एकदा ती माणसं आली होती. पांढरी मोटार, तिघं जण, कडक इस्त्रीचे कपडे, हातात श्रीफळ. कुठल्याशा पडक्या गढीत धन आहे, ताईंना नुसतं एकदा तिथून चालवून आणायचं, असं म्हणाले. वडिलांनी त्यांना बसवलं, चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग शांतपणे म्हणाले, “मी कोर्टात असतो.” ती माणसं हात जोडून उठली. श्रीफळ ठेवून गेली. आईनं त्याच्या वड्या केल्या. एवढंच. केतकीला त्या माणसांची कधी भीती वाटली नव्हती, उलट ती बरेच दिवस मैत्रिणींना सांगत होती, आमच्याकडे मोटार आली होती म्हणून.

“कोन पायाळू व्हय म्हनली?” बाहेरून नानाजींचा आवाज आला आणि केतकी हात पुसत दारात आली.

नानाजींनी मान उचलली होती. कंबर धरल्यामुळं बाकीचं शरीर तसंच पडलेलं, नुसती मान वर. काल ते आर्णीजवळच्या गावाहून तिला न्यायला आले होते. बोंडअळीनं अर्धं रान खाल्लं होतं, विहिरीनं तळ दाखवला होता, आणि उद्या बोअरची गाडी शेतात यायची होती. जागा दाखवायला सूनबाई पाहिजे. सून पायाळू असताना जागा दुसऱ्यानं का दाखवायची? आज सकाळी अंघोळीची बादली उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली. केतकीनं नेहमीप्रमाणं पदर खोचून तीनदा पाय लावला. सुटली नाही. असं कधीतरी होतंच. मग ती म्हणाली, जरा शेकू या मामाजी, आणि गरम पाण्याची पिशवी दिली. पिशवीनं सुटली तरी गुण पायाचाच धरायचे, हे तिला माहीत होतं. ते तसेच होते. शेतात आधी मारलेले काही बोअर कोरडे गेले तेव्हासुद्धा गावातलं कुणी तिला बोललं नव्हतं. गाडीवाल्यानं जागा सोडून मारला, असं ठरलं. पाणी लागलं तर तिचं, नाही लागलं तर गाडीवाल्याचं. नियम म्हणून हा काही वाईट नियम नव्हता.

त्या घरात ती आली तीच पायांमुळं. नानाजी मुलीला बघायला आले तेव्हा वडिलांनी शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, आणि अगदी शेवटी, सुपारी कातरता कातरता, पायाळू असल्याचं सांगितलं. त्यानंतर नानाजींनी काही विचारलं नाही. ना पत्रिका, ना देणंघेणं. नवऱ्याला, अमरला, नंतर ती गमतीनं म्हणायची, तुमच्या वडिलांनी सून नाही, मोटारपंप पसंत केला. लग्नाच्या उन्हाळ्यात त्यांनी तिला अनवाणी उभ्या शेतातून चालवलं. तळहातावर नारळ, तो जिथं पडेल तिथं पाणी म्हणे, अंगावर नवी कडक साडी, मागं निम्मं गाव. ढेकळं तापलेली. तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एका जागी पायात काटा मोडला म्हणून ती थांबली. काटा काढायला वाकली आणि नारळ पडला. मागं एकदम आवाज उठला. तिथं विहीर खणली आणि विहिरीला पाणी लागलं. त्या रानात चार हातांवर कुठंही खणलं असतं तरी लागलं असतं, त्या वर्षांत खाली पाणी होतं. अमरला तिनं तेव्हाच सांगितलं. अमर हसला, म्हणाला, राहू दे ना, बरं आहे. आणि बरंच होतं. सासूबाई विमलताईंनी तिला कधी चुलीपुढं बसू दिलं नाही. सणाला गेली तर जावा भाकरी थापत आणि हिला बाजेवर चहा येई. नोकरी सोडायचा विषय निघाला तेव्हा नानाजीच म्हणाले, ज्याच्या पायात एवढं हाये त्याले घरात डांबून ठेवाचं नाई. दुसऱ्या सुनेनं बी. एड. करायचं म्हटलं होतं तेव्हा ते असं काही म्हणाले नव्हते.

“तू पायाळू व्हय?” नानाजी निकिताला विचारत होते. “खरं सांगून राह्यली का गंमत करून राह्यली?”

“खरंच आहे आबाजी,” निकिता म्हणाली आणि लगेच ओठ मिटून घेतले. बोलायला नको होतं ते बोलून गेल्यावर माणूस मिटतो तसे.

“कोण्या गावची व्हय तू?”

“ढाणकीच्या अलीकडचा तांडा. माझे वडील हिरासिंग. काळी-पिवळी चालवतात.”

बंजाऱ्यांचा तांडा म्हटल्यावर नानाजींनी विचार केलेला केतकीला दिसला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, क्षणभरच. मग त्यांनी कण्हत हात हलवला. “ये बरं इकडं. लाव पाय. माह्या सुनेचा सकाळी लागला, पर आज काही गुन येऊन नाई राह्यला. दोन पायाळूंचा लागला तर काय बिघडते?”

केतकीला वाटलं, निकिता नाही म्हणेल. निकितानं अभिषेककडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. “काकू?” ती म्हणाली. परवानगी मागत होती. केतकीनं मान हलवली, कारण दुसरं काही करणं विचित्र दिसलं असतं. मुलगी उठली. तिनं पायमोजे काढले, ते नीट घडी करून जीन्सच्या खिशात ठेवले, दिवाणापाशी गेली आणि म्हणाली, “पण आबाजी, कोणाला सांगायचं नाही. मी हे सांगत नसते.” “हाव, हाव,” नानाजी म्हणाले. तिचा पाय लहान होता, सावळा, टाचेला भेगा. तिनं तो पाठीला लावला तेव्हा डोळे मिटले नव्हते की काही पुटपुटली नव्हती. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जरा जोर देऊन. नानाजींच्या तोंडून “आं” असा आवाज निघाला. ते थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग एका कुशीवर झाले, मग उठून बसले, मग उभे राहिले, मग खाली वाकून त्यांनी आपल्या पायाच्या अंगठ्याला हात लावून बघितला, पुन्हा लावून बघितला, आणि लहान मुलासारखे हसले.

तेव्हा केतकीला मत्सर वाटला. त्याला दुसरं नाव देऊन चाललं नसतं. आपण यातलं काही मानत नाही, गरम पिशवीनं शिरा मोकळ्या झाल्या, एवढा वेळ पडून राहिलं की सुटतंच, हे सगळं तिला त्याच क्षणी माहीत होतं आणि तरीही तिला मत्सर वाटला. नानाजींनी निकितापुढं हात जोडले. वाकले नाहीत, पण जोडले. सासरच्या गावात इतकी वर्षं जे फक्त तिच्यापुढं झालं होतं ते पायमोजे खिशात ठेवलेल्या एका पोरीपुढं झालं, आणि ती पोर ओशाळून मागं सरकली. केतकीला वाटलं, हिला मान घेता पण येत नाही. आणि असं वाटल्याची तिला किळस आली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, शांत, पदर खांद्यावर सारखा केलेला, चहा ठेवू का विचारण्याच्या बेतात असलेली गृहिणी.

“उद्या चाल आमच्यासंग,” नानाजी निकिताला म्हणाले. “बोअरची गाडी येऊन राह्यली. माही सून आन् तू, दोघीजनी चाला वावरातून. मंग पाहू पानी कसं लागत नाई ते. साडी घेऊन देतो तुले.”

“नाही आबाजी.”

“काहून? भेतं काय?”

“हो,” निकिता म्हणाली.

हे ‘हो’ इतकं सरळ होतं की नानाजी दिवाणावर परत बसले. मग तिनं सांगितलं. फासा हातात फिरवत, क्षितिजकडे बघत सांगितलं, जणू त्याच्या खेळातलाच एखादा नियम त्याला समजावून देत होती. ती लहान असताना तांड्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटायचं. तिचा मामा नेमसिंग बाजारात सांगायचा, भाची पायाळू आहे म्हणून, कौतुकानं. एका दुपारी आईबाप कापूस वेचायला गेले असताना जीप आली. त्यांनी विचारलं वगैरे काही नाही. खाऊ दिला, हाताला धरलं. तिला जीपमध्ये बसायला आवडलं होतं. शेजारची गंगी विहिरीवरून येत होती, तिनं हंडा टाकला आणि जीपपुढं आडवी पडली. “ती आडवी पडली म्हणून मी आहे,” निकिता म्हणाली. “गुप्तधन काढणारे होते ते. त्यांच्याजवळ हळद होती, नवं फडकं होतं, आणि सुरा होता. पोलीस आले. ते लोक सुटले पण. मग आम्ही तांडा सोडून ढाणकीला खोली केली. याडीनं, म्हणजे आईनं, सगळ्यांना सांगितलं, आमची पोरगी पायाळू नाहीच, नेमसिंग उगाच बोलत होता. मले शपथ घातली. आज खेळता खेळता निघून गेलं तोंडातून.” तिनं मले म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. क्षितिजचा चेहरा उतरला होता. तो नकाशावरच्या गडाकडे बघत होता.

केतकीला वड्या आठवल्या. आईनं वेलची घालून केलेल्या, पांढऱ्याशुभ्र. तेच लोक असतील असं नाही, वर्षं वेगळी, पण तशीच माणसं, तसंच धन, तसाच पाय. आपल्याकडे श्रीफळ घेऊन आली आणि हिच्याकडे सुरा. दोघींचे पायच आधी आले होते. फरक असलाच तर ते पाय कुणाच्या अंगणात आले, एवढाच.

“जुनी गोठ झाली ते,” नानाजी म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे खरं. पण कंबर मोकळी झाल्याचा आनंद त्याहून मोठा होता आणि तो त्यांच्या अंगात मावत नव्हता. “आता माह्यासमोर कोन हात लावते तुले? उलटं, लोकाइले माहीत झालं त मान भेटन तुले. माह्या सुनेले पाह्य ना.” असं म्हणत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. केतकीला ते काय करणार ते कळलं. विमलताईंना लावणार, आणि विमलताई ओसरीवर बसून फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोलतात, ओसरीवर वेचणीच्या बाया असतात, आणि उद्या बोअरच्या गाडीभोवती निम्मा तालुका असेल. हिरासिंगची पोरगी, ढाणकीची, यवतमाळात हॉस्टेलवर राहते. संध्याकाळपर्यंत एवढं सगळं कुणाच्याही कानावर गेलं असतं. निकिता उठून उभी राहिली होती. “आबाजी, नका ना,” ती म्हणाली. “काही होत नाई वं,” नानाजी म्हणाले, आणि तिकडून विमलताईंचा “हॅलो” आलासुद्धा.

“अवो, आयकतं का? माही कंबर सुटली! आन् कोनाच्या पायानं सुटली मालूम हाये? इथं एक पोट्टी आली...”

“मामाजी,” केतकी म्हणाली. “ती पायाळू नाही.”

नानाजींनी फोन कानापासून दूर धरला. पुढं काय होणार हे केतकीला स्पष्ट दिसत होतं. ते विचारणार, मंग माही कंबर कशी सुटली? त्याला एकच उत्तर होतं, आणि ते तिच्या तोंडात तयार होतं. कंबर कुणाच्याही पायानं सुटते मामाजी, नाहीतर आपोआप सुटते. मलाही कधी काही कळलं नाही. त्या दिवशी पायात काटा मोडला म्हणून मी थांबले होते. हे म्हटलं की बाजेवरचा चहा, जावांची मान खाली घालून थापलेली भाकरी, नोकरी, पायाला लावून कपाळाला लावलेले ते सगळे हात, सगळं मागं जाऊन खोटं ठरणार होतं. पण फोन चालू होता, मुलगी उभी होती, आणि केतकीला स्वतःचं आश्चर्य वाटलं की आपण हे म्हणू शकतो. मन हलकं झालं होतं. जवळजवळ अभिमान वाटत होता.

“काहून वं पोरी, खोटं सांगून राह्यली होती का?” नानाजींनी निकिताला विचारलं.

निकितानं केतकीकडे एकदाच पाहिलं. “हो आबाजी,” ती म्हणाली. “खेळातलं बोलले मी. ती जीप, मामा, सगळं खेळातलंच. गंमत केली.” क्षितिजनं तोंड उघडलं आणि अभिषेकनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नानाजींनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या कपाळावरची ती मघाची आठी, ती आता केतकीला पुन्हा दिसली, ती अलगद सुटली. “मले वाटलंच होतं,” ते म्हणाले. “तांड्यावर कायले पायाळू जन्माले येईन?” आणि केतकी पुढचा प्रश्न यायची वाट बघत असतानाच त्यांनी त्याचं उत्तर देऊन टाकलं. “सकाळी तुहा पाय लागला नाई का सूनबाई? त्याचा गुन आता आला. जरा वेळ लागते कधी कधी.” आणि फोनमध्ये, मोठ्यानं, “अवो, काही नाई. आपल्या सुनेच्या पायानंच झालं. दुसरं कोनाच्यानं होते?”

तिकडून विमलताई काहीतरी हसून बोलल्या. केतकी चहा ठेवायला आत गेली. पातेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली. मागोमाग निकिता आली, ग्लासभर पाणी मागायला. पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाली, “बरं केलं काकू. मी तर घाबरूनच गेले होते. याडीला कळलं असतं तर तिनं कॉलेजच बंद केलं असतं.” तिच्या चेहऱ्यावर खरोखरीची सुटका होती. स्वतःला खोटारडी म्हणवून घेतल्याचा राग नाही, तांड्यावरून जे बोललं गेलं त्याचं दुःखही नाही, निदान दिसेल असं नाही. ते तिला सवयीचं असावं. केतकीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवावा असं मनात आणलं, पण हात चहाच्या डब्यात होता. निकिता बाहेर गेली.

आता ते काट्याचं म्हणता आलं असतं. निकितावरचं संकट टळलं होतं. ते दुसरं वाक्य आता कुणाला वाचवण्यासाठी लागत नव्हतं, ते नुसतं खरं होतं. नानाजी बाहेर येरझाऱ्या घालत होते, मोकळ्या कंबरेनं, आणि क्षितिज आवाज न करता नकाशाची घडी घालत होता. केतकीनं चहा गाळला. मघाशी नानाजी म्हणाले, तुहा पाय लागला नाई का, तेव्हा तिला जे वाटलं होतं ते तिनं आता नीट बघितलं. तिला आनंद झाला होता. स्वच्छ, पोटातून आलेला आनंद, शिपायाच्या छत्रीखालून घरी जाताना व्हायचा तसा.

“सूनबाई,” नानाजींनी हाक मारली, “उद्या लवकर निघा लागन बरं का. गाडीवाला खोळंबला नाई पाहिजे.”

ती ट्रे घेऊन बाहेर आली. पहिला कप तिनं त्यांना दिला.

“किती वाजता निघायचं?” तिनं विचारलं.